दोन, तीन की चार?

आमच्याकडे संध्याकाळचा वेळ शोपँ या संगीतकाराचा असतो. कन्या पियानोवर बसते आणि मी शेजारी उभा राहून मात्रा मोजतो. लहानपणी थोडा तबला शिकलो होतो, ही गोष्ट लग्नाआधी सासरच्यांना कौतुकानं सांगितली होती. ती आता भोवतेय.

सध्या मझुर्का चालू आहे. पोलंडच्या माझोव्हिया भागातल्या नाचांवर बेतलेली छोटीशी रचना. शोपँ त्याच भागात १८१० साली जन्मला, विशीत वॉर्सा सोडून गेला, मग पॅरिसचाच झाला; पण मझुर्का काही सुटल्या नाहीत. पन्नासहून जास्त लिहून ठेवल्यात! ताल तीन मात्रांचा. म्हणजे अर्धा दादरा, त्यात काय एवढं, असं म्हणून मी मांडी थोपटायला घेतली. वॉल्ट्झ नावाच्या नाचात जोर गुणी बाळासारखा पहिल्या मात्रेवर पडतो. इथे तो कधी दुसरीवर, कधी तिसरीवर. मी समेवर थाप मारतो, तर तिथे कोणीच नसतं.

"बाबा, तुम्ही नुसतं बसा ना," कन्या म्हणते.

यात माझी सोबत मोठी आहे, हे मात्र मी तिला ऐकवलं. शोपँ स्वतः वाजवताना पहिल्या स्वरावर इतका रेंगाळायचा की चार्ल्स हॅले नावाच्या पियानोवादकानं त्याच्यासमोर चार मात्रा मोठ्यानं मोजून दाखवल्या. बरोबर बसल्या! शोपँ हसला आणि म्हणाला, हा त्या नाचाचा राष्ट्रीय स्वभावच आहे. ऑपेरावाला मायरबेअर एका मझुर्केला दोन मात्रांची म्हणाला, तेव्हा मात्र शोपँ हसला नाही. तीनच आहेत म्हणून वाजवून, ओरडून भांडला. एवढ्या मोठ्या माणसांचा हिशेब जुळत नाही, तिथे माझं काय घेऊन बसलात?

पण खरा छळ मात्रांचा नाही. कन्येनं निवडलीय ती ओपस सात या संचातली पाचवी, १८३२ साली छापलेली. आधी डाव्या हातात नुसता पंचम ठोकायचा. तो दारावर टकटक केल्यासारखा वाजतो आणि बायको पोळी तव्यावर टाकून दार उघडायला धावते. मग जेमतेम अर्ध्या पानाचं संगीत. आणि शेवटी शोपँची सूचना: खुणेपासून पुन्हा, आणि अंत नाही. थट्टेत नव्हे, छापून. पोळ्या गार होतात, बातम्या संपतात, कन्या खुणेपासून पुन्हा.

"अगं, जेवायला चल!"

"आई, संपलं नाहीये अजून."

"कधी संपणार?"

"नाहीच संपणार. असं लिहिलंय."

परवा खालच्या मजल्यावरचे काका आले. त्यांची टकटक कोणी मनावर घेतली नाही, म्हणून त्यांना बेल मारावी लागली. "हे रोज किती वेळ?" त्यांनी शांतपणे विचारलं. कन्येनं पुस्तकच पुढे केलं. काका कोर्टातून निवृत्त झालेले. चष्मा लावून त्यांनी ती ओळ पाहिली, अर्थ विचारून घेतला. लेखी आदेश, तोही मूळ कर्त्याचा. अपील कुठे करणार?

"बरं, वाजव," म्हणाले आणि सोफ्यावर बसले. थोड्या वेळानं त्यांची बोटं गुडघ्यावर हलायला लागली. मग माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "अहो, मला तर या पाच वाटतात."