कपाट सरकवण्याचे शास्त्र

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील जुन्या मराठी घरांत दिवाळीची साफसफाई निघाली, की गाद्यांपासून फडताळातल्या बरण्यांपर्यंत सर्व चीजवस्तू आपापली जागा सोडतात. सोडत नाही ते आईचे लोखंडी कपाट. बाहेरून असंतुलित बल लागल्याशिवाय स्थिर वस्तू स्थिरच राहते, हा न्यूटनने १६८७ साली छापलेला पहिला नियम आमच्या कपाटाइतक्या निष्ठेने क्वचितच कोणी पाळला असेल. त्यात चंदेरी आणि माहेश्वरी साड्यांच्या खाली पंक्तीची पितळी पातेली आहेत, आणि ती आधी बाहेर काढावीत ही माझी सूचना आईने “मग परत लावायची कोणी?” एवढ्याच प्रश्नात निकालात काढली.

अकरावीला विज्ञान घेतलेला भाचा मदतीस आला, तो वही घेऊनच. कपाट १२० किलोंचे आणि फरशीशी त्याचा घर्षण गुणांक, म्हणजे घर्षणाचे फरशीवरच्या दाबाशी असलेले प्रमाण, ०.४ धरला, तर ते जागचे हलवण्यास सुमारे ४७० न्यूटन बल लागेल, असा त्याने हिशेब मांडला. तोवर मी खांदा लावून रेटू लागलो होतो. तिसऱ्या नियमानुसार मी कपाटाला जेवढे ढकलतो तेवढेच कपाट मला ढकलते, आणि दोघांपैकी ज्याचे घर्षण आधी हरेल तो सरकतो. माझे वजन ६२ किलो. गुणांक तोच धरला तर माझ्या पायांची पकड २४३ न्यूटनांना सुटणार. त्यामुळे कपाट जागच्या जागी राहिले आणि ते ढकलता ढकलता मीच पाठमोरा उंबऱ्यापर्यंत पोहोचलो. “मामा, उत्तर बरोबर आलं,” भाचा आनंदाने म्हणाला. मग त्याचे ५० किलोही कामाला लावले. बेरीज ४३९ न्यूटनांवर अडली.

शेजारच्या काकांनी कपाट आडवे करण्याचा सल्ला दिला, म्हणजे भार पसरेल. वास्तविक घर्षण स्पर्शाच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते, हे आमॉन्टन या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६९९ सालीच मांडले होते. परंतु काकांशी वाद घालण्यापेक्षा कपाट ढकलणे सोपे. आईने सुचवलेले साबणाचे पाणी नाकारावे लागले, कारण ते कपाटाखाली जाईपर्यंत आमच्या पायांखाली आले असते.

अखेर इतका वेळ पडदे काढत असलेली बायको म्हणाली, “अहो, रबरी तळव्याच्या चपला घाला आणि जरा वर उचलल्यासारखं रेटा.” रबराने पायांचा गुणांक वाढतो, तिरक्या रेट्याने कपाटाचा फरशीवरचा दाब घटतो आणि तेवढाच आपल्या पायांखाली वाढतो. हे सारे भाच्याने वहीत नंतर सिद्ध केले. तिने ते आधीच सांगितले होते.

कपाट हलले. मात्र एकदा हलले, की स्थितिक घर्षण संपून त्याहून कमी असलेले गतिक घर्षण सुरू होते, आणि आम्ही तर सगळा जोर तसाच लावून होतो. दुसऱ्या नियमास अनुसरून उरलेल्या बळाचे त्वरण झाले आणि कपाट थेट भिंतीवर आदळले. भिंतीनेही त्याला तेवढ्याच बळाने उत्तर दिले असणार. पण गिलावा पडला तो भिंतीचाच, कारण बळे समान असली म्हणून आजोबांच्या काळचा चुना आणि पोलादी पत्रा यांनी ती सारखीच सोसावीत, असे न्यूटनने कुठेही म्हटलेले नाही.