कुरवाला फरसाण, शेकरूला काय?

हिवाळा आला की गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या बोटींतले आणि भिगवणच्या होड्यांतले व्हिडिओ फिरायला लागतात. मूठभर फरसाण हवेत उडवायचं आणि कुरवांचा, म्हणजे सीगल पक्ष्यांचा, थवा कलकलाट करत झेपावतो. खाली हमखास लिहिलेलं असतं, "किती माणसाळलेत!" आणि भीमाशंकरला जाऊन आलेली हीच मंडळी तक्रार करतात की कुरवांसारखं शेकरू, ती झाडावरची मोठी खार, काही दिसलं नाही.

मला ही तुलनाच खटकते. तपकिरी डोक्याचा कुरव लडाख-तिबेटच्या तळ्यांकाठी अंडी घालतो. त्यातलं त्सो मोरीरी साधारण ४,५०० मीटर उंचीवर आहे. तिथून हिमालय ओलांडून तो आपल्या किनाऱ्याला येतो. थंडीत त्याचं डोकं पांढरं असतं, कानाशी फक्त एक काळसर ठिपका. परतीच्या सुमाराला ते पुन्हा तपकिरी होतं. मासे, किडे, चिखलातले जीव, जे मिळेल त्यावर तो जगतो. एवढा प्रवास करणाऱ्या पक्ष्याला तळलेलं, खारट बेसन कशाला हवं? त्याला आपल्या मुठीची गरज नाही.

शेकरूचं तसं नाही. ते आपला राज्यप्राणी, आणि भारताबाहेर कुठेच नाही. जमिनीवर ते क्वचितच उतरतं. या झाडावरून त्या झाडावर वीसेक फुटांची झेप सहज घेतं, पण पलीकडे फांदी असेल तरच. काटक्या-पानांचं घरटंही बारीक फांद्यांच्या टोकाशी, शिकारी प्राण्याचं वजन पेलणार नाही अशा जागी. आणि एकावर भागत नाही, आसपास अशी अनेक घरटी बांधतं. म्हणजे त्याला एक झाड पुरत नाही, एकमेकांत गुंतलेलं रान लागतं. भीमाशंकरजवळच्या आहुप्यासारख्या देवरायांनी, देवाच्या नावाने राखलेल्या रानांनी, ते कित्येक पिढ्या राखलं.

१९८५ साली भीमाशंकर अभयारण्य झालं, ते बरंच झालं. पण अभयारण्यातही रस्ता रुंद झाला आणि वरच्या फांद्या तुटल्या, की शेकरूच्या रानाचे दोन तुकडे होतात. कुरव सगळा हिमालय ओलांडतो आणि शेकरू एका डांबरी रस्त्यापाशी अडतं. तमिळनाडूत वालपराईला रस्त्यावरून माकडांसाठी झुलते पूल बांधलेत. आपल्याकडे प्रत्येक घाटरस्त्याच्या कामाआधी हा विचार झालाच पाहिजे, आणि त्याच्याही आधी, जिथे फांद्या रस्त्यावर एकमेकींना भिडल्यात तिथे कुऱ्हाड लावू नये. श्रावणात भीमाशंकरला जाणाऱ्या प्रत्येकाने मान वर करून या फांद्या पाहाव्यात, आणि त्या तोडलेल्या दिसल्या तर वनखात्याला लेखी विचारावं.