पार्टनरवर खेकसणं बंद करा रे!

दर ज्युनियर ब्रिज स्पर्धेत तेच. चार इस्पिकचा डाव (म्हणजे इस्पिक हुकूम धरून दहा हात करायची बोली) एका हाताने बुडाला रे बुडाला, की पत्ते बोर्डात (पत्त्यांच्या ट्रेमध्ये) परत ठेवायच्याही आधी हा पार्टनरवर खेकसतो, "बदामाची राणी कशाला टाकलीस? अक्कल गहाण ठेवलीस का?" अरे, डुप्लिकेट आहे हे! तेच पत्ते पुढच्या टेबलावर जाणार आहेत. राणी कुणाकडे होती हे अख्ख्या हॉलला कशाला ऐकवतोस?

आणि तो पार्टनर? कान लालबुंद, हात थरथरतोय. पुढची बोली घाबरून 'पास', की ह्याचा पुन्हा आरडाओरडा. शाळेपासूनचे दोस्त आहेत हे! भारताच्या ज्युनियर संघात जायचंय, कबूल, मलाही जायचंय. पण दोन स्पर्धा हरल्या की लगेच जास्त चांगला पार्टनर शोधायचा, तोही आपल्याच मित्राचा फोडून?

२०१८ ला जकार्ता एशियाडमध्ये प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी ब्रिजच्या पुरुष जोडीत सुवर्ण जिंकलं, तेव्हा बर्धन ६० वर्षांचे होते. कित्येक वर्षं जोडीने खेळत होते ते. इथे मिसरूड फुटायच्या आत जोड्या मोडतात. भांडायचंच असेल तर राउंड संपल्यावर बाहेर जाऊन भांडा, टेबलावर नाही!