दहावीचं बोर्ड बंद झालेलं नाही

नवीन शैक्षणिक धोरणाला मंजुरी मिळाली, दहावीचं बोर्ड रद्द, आता थेट बारावीलाच बोर्ड, पाचवीपर्यंत शिक्षण फक्त मातृभाषेत, एमफिल बंद, अशा आशयाचा मेसेज 2020 पासून पालकांच्या ग्रुपवर पुन्हा पुन्हा फिरतो आहे. त्यातलं थोडं खरं आहे, म्हणूनच बाकीचं खोटंही खपून जातं.

दहावीचं बोर्ड रद्द? साफ खोटं. 29 जुलै 2020 ला केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या धोरणातच दहावी-बारावीच्या बोर्ड परीक्षा सुरू राहतील असं लिहिलंय. सुचवलाय तो परीक्षेच्या पद्धतीतला बदल: पाठांतर कमी, समज जास्त आणि गुण सुधारायला दुसरी संधी. सीबीएसई या केंद्रीय बोर्डाने 2026 पासून दहावीला अशी दुसरी, ऐच्छिक परीक्षा ठेवली. आपली दहावी राज्य मंडळ घेतं, तेही 1965 च्या राज्याच्या कायद्यानुसार. दिल्लीत धोरण आलं म्हणून ती आपोआप बंद पडत नाही.

धोरणातल्या शालेय वर्षांच्या नव्या 5+3+3+4 रचनेत दहावी गायब? नाही. पहिल्या पाचात बालवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी, शेवटच्या चारात नववी ते बारावी. ही अभ्यासक्रमाची रचना आहे, तिचा परीक्षा रद्द होण्याशी संबंध नाही.

पाचवीपर्यंत मातृभाषा? धोरणात ‘शक्य असेल तिथे’ असं आहे. इंग्रजी माध्यमाच्या शाळांवर बंदी नाही. एमफिल बंद, हे मात्र खरं.

या मेसेजपाठोपाठ येतो तो समज जास्त घातक: मेडिकलच्या ‘नीट’ प्रवेश परीक्षेला दहावीचे मार्क कोण विचारतं? नीटला नाही विचारत, पण लातूर-नांदेडच्या नावाजलेल्या कॉलेजांत अकरावी सायन्सचा प्रवेश दहावीच्या गुणांवरच मिळतो. 2025-26 पासून हा प्रवेश राज्यभर ऑनलाइन झालाय. पसंतीक्रमात दहापर्यंत कॉलेजं टाकता येतात. पहिल्या पसंतीचं मिळूनही प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून पोरगं बाहेर पडतं. म्हणून गावातल्या कोणाचं तरी बघून पहिलं नाव टाकू नका. तिथली फी, होस्टेल, अनुदानित-विनाअनुदानित तुकडी बघूनच टाका. पॉलिटेक्निक आणि आयटीआयची गुणवत्ता यादी दहावीवरच लागते. ग्रामीण डाकसेवकाची निवडही परीक्षेविना, दहावीच्या गुणांवर होते. बोर्ड गेलं म्हणून नववीत अभ्यास सैल सोडला, की या सगळ्या वाटा अरुंद होतात.

शिक्षकांनी आणि पालकांनी प्री-लिस्टकडे नीट लक्ष द्यावं. शाळेतून फॉर्म भरला की मंडळाकडून येणाऱ्या या यादीत विद्यार्थ्याचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख, विषय आणि माध्यम शाळेच्या जनरल रजिस्टरशी ओळ न् ओळ ताडून मगच सही घ्या. जन्मतारखेचा एक आकडा चुकला, तर पुढे पासपोर्टपासून नोकरीपर्यंत तो आडवा येतो. आणि मार्कशीट हातात आल्यावर दुरुस्तीसाठी शाळेमार्फत विभागीय मंडळाचे खेटे घालावे लागतात.

ऊसतोडीला गेल्यामुळे किंवा लग्न लावून दिल्यामुळे ज्यांची शाळा मधेच सुटली, त्यांना ‘आता दहावीच नाही’ असं सांगून बसवू नका. त्यांच्यासाठी 17 नंबरचा फॉर्म आहे, म्हणजे शाळेत न जाता खाजगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसण्याचा अर्ज. शाळा सोडल्याचा मूळ दाखला, आधार आणि फोटो घेऊन जवळच्या संपर्क केंद्र शाळेत चौकशी करा. ही नोंदणी परीक्षेच्या कितीतरी महिने आधी बंद होते, त्यामुळे दिवाळीची वाट बघू नका.