आज चहा मी करणार

आज ऑफिसात जे झालं त्याने डोकं इतकं सणकलंय की घरी येऊन धड जेवलोही नाही. लिहिल्याशिवाय झोप लागायची नाही.

मार्च संपत आलाय. टार्गेट निम्मंसुद्धा झालेलं नाही. दोघं सोडून गेले, त्यांच्या जागा रिकाम्याच आहेत आणि त्यांचं काम आमच्या टेबलांवर आलंय. अशात वरून फर्मान निघालं, सगळ्या स्टाफसाठी मोटिव्हेशनचं सेशन. गालापर्यंत माइक आलेले एक सर आले. सगळ्यांना उभं केलं, डोळे मिटायला लावले, उजवा हात छातीवर. म्हणा माझ्यामागून : 'मी रोज आनंदाने उठतो. मी यशस्वी आहे. पैसा माझ्याकडे चालत येतो.'

आमच्या एक मॅडम पहिल्या रांगेत होत्या. त्यांची आई जाऊन आज एकवीस दिवस झाले. त्यांचे ओठ हलत नव्हते. हा माणूस त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि माइकवरून म्हणाला, 'ताई, आवाज येत नाहीये. हसून म्हणा, मी रोज आनंदाने उठते.'

त्या म्हणाल्या. हसून म्हणाल्या. ओढणीचं टोक मुठीत गच्च धरलं होतं, ते मला बाजूने दिसत होतं.

मला तिथे उभ्या उभ्या आमची आई आठवली.

2016 च्या पावसाळ्यात आईला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. दवाखान्यातून घरी आणल्यावर भेटायला येणारा प्रत्येक जण तिला सांगायचा, 'मी ठणठणीत आहे असं म्हणत राहा, मनात आणलं की सगळं होतं.' ती नुसती बघायची. मग एक दिवस तिने माझ्याकडून कागद मागून घेतला आणि डाव्या हाताने, बालवाडीतल्या पोरासारख्या अक्षरांत, चार शब्द लिहिले. 'आज चहा मी करणार.' 'ह' तर ओळखूसुद्धा येत नव्हता. ओट्यावर कालनिर्णय टांगलंय, त्याच खिळ्याला तिने तो कागद अडकवायला सांगितला.

रोज साडेपाचला ती भिंतीला धरून स्वयंपाकघरात जायची आणि ते वाक्य मोठ्याने वाचायची. जीभ जड होती, 'च' नीट यायचा नाही. मी पलंगावर पडून ऐकायचो. पहिल्या आठवड्यात साखरेचा डबा दोनदा सांडला. बाबा ओरडले, 'अगं कशाला हा हट्ट!' तिने उत्तर दिलं नाही. मुंग्या लागल्या त्या मीच पुसल्या.

आता कुणीतरी कॉमेंटमध्ये म्हणेल, मग हेही अफर्मेशनच झालं की, म्हणजे स्वतःलाच रोज घोकून सांगायचं चांगलं वाक्य. हो, झालं. मी या गोष्टीच्या विरोधात नाहीच मुळी. आपली भाषाच या समजुतीवर उभी आहे. आजी तिन्हीसांजेला वाईट बोलू द्यायची नाही, वास्तू तथास्तु म्हणते म्हणून. घरातून निघताना आपण 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. पण 'येतो' हा दारात उभ्या असलेल्या माणसाला दिलेला शब्द असतो. त्यात स्वतःची खोटी स्तुती कुठे आहे?

त्या सरांनी हे सगळं कालपरवा शोध लागल्यासारखं सांगितलं. शंभर वर्षांपूर्वी फ्रान्समधल्या नान्सी गावात एमिल कुए नावाचा औषधविक्रेता लोकांना एक वाक्य द्यायचा. वीस गाठींची दोरी घ्या आणि सकाळी उठताना, रात्री झोपताना वीसदा पुटपुटा : दिवसेंदिवस, सगळ्या बाबतींत, मी अधिकाधिक बरा होत चाललो आहे. वाक्य नीट वाचा. 'होत चाललो आहे.' 'झालो आहे' नाही! ज्याच्यापासून ही पद्धत चालत आली, त्यानेही आजाऱ्याला बरा झालास असं म्हणायला लावलं नव्हतं.

आणि 2009 साली कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच तपासलं होतं. ज्यांना स्वतःबद्दल मुळातच कमी वाटतं, त्यांना 'मी प्रेम करण्याजोगा आहे' असं घोकायला लावलं तर त्यांना उलट आणखी वाईट वाटलं. बरोबरच आहे. तोंड म्हणतं एक, आणि आतला आवाज लगेच विचारतो, खरंच का रे?

आमच्या शाखेतला एक मुलगा रोज गाडीवर येताना अशी वाक्यं म्हणतो. त्याला बरं वाटतं. वाटू दे, त्याचं त्याने निवडलंय.

राग त्याचा नाही. राग याचा आहे की माणसं भरायची नाहीत, रजा द्यायची नाही, आणि वर छातीवर हात ठेवून आनंदी आहे म्हणायला लावायचं. म्हणजे उद्या कोणी थकला तर चूक त्याचीच, त्याने मनापासून म्हटलं नाही!

आईच्या कागदाची एक गोष्ट सांगायची राहिली. काही दिवस ती उठायचीच नाही. अशा दिवशी दुपारी ती मला सांगायची, 'बाळा, तो कागद उलटा कर.' मी कोरी बाजू पुढे करायचो. कुणी काही बोलायचं नाही. दोन दिवस, कधी चार दिवस कागद तसाच. मग एखाद्या पहाटे तीच डाव्या हाताने तो सरळ करायची. दिवाळीनंतर एका सकाळी तिने खरंच चहा केला. अर्धा ओट्यावर सांडला, उरलेला आम्ही तिघांनी बशीत वाटून घेतला. साखर घालायची राहिली होती. बाबा त्या दिवशी काहीच बोलले नाहीत, नुसते बशी हातात धरून बसले.

आज मॅडमना कागद उलटा करायची सोय नव्हती.

मघाशी आईला हे सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, 'मग तू काय केलंस?'

मी काही केलं नाही. पुढच्या महिन्यात अप्रेझल आहे. डोळे उघडे ठेवून, मॅडमकडे बघत, मीही सगळ्यांबरोबर मोठ्याने म्हणत होतो.