पत्र्याच्या पलीकडची गाडी

गाडी घ्यायची ठरली की शोरूममध्ये आपल्यासोबत एक जाणकार असतोच. मावसभाऊ असेल, ऑफिसातला मित्र असेल. तो बोटाच्या पेरांनी दरवाजा ठोकतो, बोनेटवर अंगठा दाबून बघतो आणि निकाल देतो, "पत्रा पातळ आहे रे." किंवा मग, "रणगाडा आहे, डोळे मिटून घे." मी जर्मनीत श्टुटगार्टजवळ राहतो, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी करतो आणि पिंपरी-चिंचवडच्या मित्रांशी फोनवर होणाऱ्या गप्पांतला निम्मा वेळ अजूनही या पत्र्यावर जातो. टाटा की मारुती, ह्युंदाई नुसती दिसायलाच देखणी का, महिंद्राने नव्या इलेक्ट्रिक गाडीत एवढे स्क्रीन कशाला दिले. आमच्यातला एक जण दर दिवाळीला गाडी बदलायचं ठरवतो आणि दर दिवाळीला वाद पुन्हा पत्र्यापासून सुरू होतो.

तेव्हा पत्र्याचा हिशेब आधी संपवतो. दरवाजाचा किंवा बोनेटचा बाहेरचा पत्रा हा गाडीचा सदरा आहे. जीव वाचवतो तो आतला सांगाडा. मर्सिडीजमधले अभियंते बेला बारेनी यांनी १९५१ साली एका कल्पनेचं पेटंट मागितलं: माणसं बसतात तो मधला भाग ताठ ठेवायचा आणि पुढचा-मागचा भाग मुद्दाम चुरगळेल असा बनवायचा. १९५९ साली ही रचना असलेली मर्सिडीज रस्त्यावर आली. त्यामागचं गणित शाळेतल्या भौतिकशास्त्राचं आहे. ताशी ६४ किलोमीटरने जाणारं शरीर दहा सेंटिमीटरांत थांबवलं तर त्याच्यावर जो जोर येतो, तो साठ सेंटिमीटरांत थांबवलं तर सहापट कमी होतो. पुढचा भाग चुरगळतो म्हणजे तो हे अंतर विकत घेऊन देतो. अपघातानंतर "बघा, बोनेटचा पार कागद झाला" म्हणून फोटो फिरतात, तेव्हा निम्म्या वेळा त्या बोनेटने आपलं काम चोख केलेलं असतं. बघायचं ते छत, ते पेलणारे खांब आणि दरवाजे जागेवर आहेत का, हे.

"पूर्वीच्या गाड्या कशा दणकट होत्या" म्हणणाऱ्यांसाठी एक पुरावा उपलब्ध आहे. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या रस्ता-सुरक्षा संस्थेने २००९ साली १९५९ची शेव्हरोले बेल एअर आणि २००९ची मालिबू ताशी ४० मैलांनी समोरासमोर आदळवल्या. जुन्या गाडीचा जाडजूड पत्रा थेट चालकाच्या जागी बसवलेल्या पुतळ्यावर येऊन बसला. नव्या गाडीतला पुतळा जवळपास धड होता. आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर मारुतीची २०२४ची डिझायर. पेट्रोल गाडीचं वजन टनाच्याही आत, दरवाजा ठोकला तर आवाज अगदी 'डब्याचा', आणि ग्लोबल एनकॅप, म्हणजे गाड्या आदळवून त्यांना शून्य ते पाच तारे देणारी संस्था, तिच्या चाचणीत मोठ्या माणसांच्या सुरक्षेला पाच तारे. ज्या कंपनीला आम्ही वर्षानुवर्षं पातळ पत्र्यावरून शिव्या घातल्या, तिनेच उत्तर दिलं, तेही पत्रा जाड न करता. आमच्या मित्रमंडळींत त्यावर दोन दिवस शांतता होती. मग विषय इथेनॉलकडे वळला.

एवढं बोलल्यावर वाटेल की परदेशात बसून घरच्यांना अक्कल शिकवतोय. पण गाड्यांवर जीव टाकणाऱ्या आपल्या लोकांनी जे साधलं, त्याला तोड नाही. २०१४ साली ग्लोबल एनकॅपने भारतातल्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्यांची सर्वांत स्वस्त, बिनाएअरबॅगची मॉडेलं आदळवून पाहिली. पाचही शून्यावर आल्या. त्यात फोक्सवॅगनची पोलोही होती. दोन एअरबॅग लावल्यावर त्याच पोलोला चार तारे मिळाले. म्हणजे ज्या 'जर्मन इंजिनिअरिंग'ची आपण आरती करतो, तेही ग्राहकाच्या मागणीप्रमाणे कमी-जास्त होतं. कंपनीला अक्कल होती, आपल्यासाठी ती वापरायची गरज वाटत नव्हती, इतकंच. मग लोक बोलायला लागले, भांडायला लागले. डिसेंबर २०१८मध्ये टाटाच्या नेक्सॉनला पाच तारे मिळाले आणि सेल्समनला "किती देते?" यासोबत "किती तारे?" हाही प्रश्न ऐकावा लागला. २०२३च्या ऑक्टोबरपासून भारताची स्वतःची भारत एनकॅप चाचणी आहे. दहा वर्षांत ही मजल मारण्यात सरकारचा, कंपन्यांचा वाटा आहेच. पण या चिडलेल्या, हट्टी, एकमेकांच्या आया-बहिणींपर्यंत जाणाऱ्या वादांचाही आहे.

माझे जर्मन सहकारी गाडी घेताना तारे विचारतच नाहीत. ते असणारच, असं गृहीत आहे. त्यामुळे तार्‍यांबाबत ते आपल्यापेक्षा अडाणी आहेत, हे मी त्यांच्या तोंडावर सांगतो. तार्‍याला साल असतं हे आपल्याकडच्या कॉलेजातल्या पोरालाही माहीत आहे. फियाटच्या पुंटोला २००५ साली युरोपातल्या तशाच संस्थेने, युरो एनकॅपने, पाच तारे दिले आणि तीच गाडी किरकोळ बदलांसह विकत राहिल्यावर २०१७ साली शून्य दिलं. गाडी बिघडली नव्हती, परीक्षा कठीण झाली होती. हे मी कारखान्याच्या कँटीनमध्ये सांगितलं तेव्हा दोघांना ते नवीन होतं.

पण कंपनीचं काम शोरूमच्या दारात संपतं, आणि नेमकी तिथेच आपली चर्चाही संपते.

४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. गाडी मर्सिडीजची, म्हणजे बारेनींच्या कंपनीची. पुढचे दोघे जबर जखमी होऊन वाचले, मागच्या सीटवरचे दोघे गेले. मागच्या दोघांनी पट्टे लावले नव्हते असं पोलिसांनी सांगितलं. त्यानंतर महिनाभर आपल्याकडे काय वाद झाला? सहा एअरबॅग सक्तीच्या कराव्यात की नाही, गाडी किती महाग होईल, पूल असा अरुंद का होतो. शेवटचा प्रश्न योग्यच होता. पण एअरबॅग हा पट्ट्याचा जोडीदार आहे, पर्याय नाही. गाडी थांबते आणि बिनपट्ट्याचं शरीर त्याच वेगाने पुढे जात राहतं. मागच्या सीटवरचा साठ-सत्तर किलोचा माणूस पुढच्या सीटवर आदळतो, तेव्हा तो स्वतःलाच नव्हे, पुढे पट्टा लावून बसलेल्यालाही मारू शकतो. सांगाडा शाबूत, तारे शाबूत, आतला माणूस नाही. रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२च्या अहवालात पट्टा न लावल्याने गेलेल्यांची संख्या १६,७१५ आहे, आणि त्यातले ८,३३१ जण प्रवासी होते, चालक नव्हते.

जर्मन माणूस पोटातूनच पट्टा लावायला शिकून येतो, असा माझ्या नातेवाइकांचा समज आहे. तो खोटा आहे. पश्चिम जर्मनीत १९७६च्या जानेवारीत पुढच्या सीटवर पट्टा सक्तीचा झाला, तेव्हा काय काय बोललं गेलं ते वाचलं की आपलाच नाका आठवतो. गाडीला आग लागली तर बांधलेल्या अवस्थेत जळून मरू. पाण्यात पडलो तर सुटणार कसे? बायकांच्या छातीला इजा होईल. आणि अर्थात, मी माझ्या गाडीत कसं बसायचं हे सरकारने का ठरवावं! कायदा होता, दंड नव्हता. म्हणून पुष्कळांनी तो मनावर घेतला नाही. ऑगस्ट १९८४मध्ये चाळीस मार्क दंड आला आणि सगळं स्वातंत्र्यप्रेम काही महिन्यांत विरघळलं. दोन्ही जर्मनी मिळून १९७० साली रस्त्यांवर एकवीस हजारांहून जास्त माणसं मेली होती. आता वर्षाला तीन हजारांच्या आत मरतात. यात गाड्यांची सुधारणा आहे, रुग्णवाहिका आहेत, रस्ते आहेत, पण चाळीस मार्कही आहेत.

आपल्याकडे मागच्या सीटवर पट्टा न लावला तर हजार रुपये दंड कायद्यात आहे. सोबत एक देशी शोधही आहे: पट्ट्याच्या खाचेत घालायची नुसती क्लिप, म्हणजे पट्टा न लावताही आठवण करून देणारा बझर गप्प. मे २०२३मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन दुकानांना या क्लिपा काढून टाकायला लावल्या, तेव्हा तेरा हजारांवर जाहिराती उतरवाव्या लागल्या. पाच तार्‍यांची गाडी म्हणून दोन-अडीच लाख जास्त मोजायचे आणि दीडशे रुपयांच्या क्लिपने त्या तार्‍यांना कुलूप लावायचं, हे एकच गिऱ्हाईक करतं. मी अशी दोन घरं ओळखतो.

दुसरी गोष्ट टायरची. इथे नवी गाडी तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी तपासायला न्यावी लागते. ट्यूफसारख्या संस्थेचा माणूस गाडी वर उचलून ब्रेक, सस्पेन्शन, गंज, दिवे बघतो आणि मागच्या नंबरप्लेटवर गोल स्टिकर लावतो. तो नाही मिळाला तर दुरुस्ती करून पुन्हा जायचं. जर्मन माणसाचा गाडीवरचा खरा वाद इथे रंगतो: नव्या मॉडेलवर कमी, आणि "पुढच्या महिन्यात ट्यूफ आहे, मागचे ब्रेक पास होतील का" यावर जास्त. टायरच्या खाचा १.६ मिलिमीटरच्या खाली गेल्या की बाद. आपल्याकडे खासगी गाडीला पहिली पंधरा वर्षं पीयूसी सोडून कोणी विचारत नाही. २०२३ साली समृद्धी महामार्गावर एकामागून एक अपघात झाले, तेव्हा आरटीओला गुळगुळीत टायरच्या गाड्या नाक्यावरूनच परत पाठवाव्या लागल्या. ताशी १२० च्या रस्त्यावर टक्कल पडलेला टायर घेऊन जाणारा माणूस त्याच गाडीच्या पत्र्याची तारीफ करत असतो.

आता, ट्यूफ उचलून पुण्यात आणला की काम झालं, असं मला वाटत नाही. पीयूसी कशी मिळते हे मीही पाहिलंय. शिवाय तपासणीचा देश म्हणून मिरवणाऱ्या या जर्मनीतल्याच फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्या चाचणी ओळखून तेवढ्यापुरते विषारी वायू आवरत होत्या, हे २०१५ साली अमेरिकेत उघड झालं. त्याच देशात ऑटोबानवर, म्हणजे इथल्या जलद महामार्गांवर, ताशी १३० ची सरसकट मर्यादा घालायची म्हटलं की शहाणीसुरती माणसं बारेनी, आकडे, सगळं विसरून आपल्या काकांसारखी बोलायला लागतात. नाक्यावरचं वाटायला लागतं अगदी. त्यामुळे 'ते शिस्तीचे, आपण बेशिस्त' हे मला मान्य नाही. त्यांना एका जागी दंड बसला म्हणून ते तिथे सुधारले. जिथे बसला नाही, तिथे नाहीत.

मोठी तपासणी केंद्रं, पंधरा वर्षांचा नियम बदलणं, यांना वेळ लागेल आणि पैसे लागतील. मागच्या पट्ट्याला काहीच लागत नाही, तो गाडीत आधीच आहे. नोव्हेंबर २०२२मध्ये मुंबई पोलिसांनी सगळ्या प्रवाशांना पट्टा सक्तीचा केला होता. तरी आजही मी विमानतळावरून टॅक्सी केली की मागच्या सीटवर पट्टा सापडतो, पण तो अडकवायची खाच सापडत नाही. ती सीटकव्हरच्या खाली गाडलेली असते, वर स्वच्छ पांढरा टॉवेल. हात घालून शोधायला लागलो की चालक आरशातून बघतो आणि आपुलकीने म्हणतो, "राहू द्या साहेब, मागे कोण विचारत नाही."

एप्रिल २०२५पासून नव्या गाड्यांत मागच्या सीटलाही बझर सक्तीचा झालाय. आमचा दिवाळीवाला मित्र यंदा खरंच गाडी घेतोय, यादी दोनवर आलीय आणि मला रोज दोन्हींच्या सांगाड्याचे फोटो येतायत. मी त्याला विचारलं की शोरूममधून सीटकव्हर बसवून घेणार आहेस का, आणि घेणार असशील तर पट्ट्याच्या खाचांसाठी त्यात भोकं कापून ठेवायला सांगशील का. त्याने उत्तरात पुन्हा पुढच्या खांबाचा फोटो पाठवला.