"एवढं शरीर कमावलंस आणि सायकियाट्री?"

आज राउंड संपता संपता एका सिनिअर सरांनी सगळ्या युनिटसमोर विचारलं, "पीजीला काय घेणार रे?" मी म्हणालो, सायकियाट्री, म्हणजे मानसोपचार. सरांनी मला खालीवर बघितलं. "एवढं शरीर कमावलंस आणि सायकियाट्री? ऑर्थो घे बाबा. वाया जाईल सगळं." अख्खं युनिट हसलं. सिस्टरही हसल्या. मी गप्प बसलो, कारण मी इंटर्न आहे आणि पोस्टिंग संपल्यावर सही त्यांचीच लागते. पण दिवसभर डोक्यातून गेलं नाही, म्हणून इथं लिहितोय. लांबेल.

हे काही मी आज पहिल्यांदा ऐकलं नाही. फर्स्ट इयरला ॲनाटॉमीच्या टेबलापाशी उभा राहिलो तेव्हापासून माझी ब्रांच लोकांनी ठरवून टाकलीय. दंड दिसले की ऑर्थो, म्हणजे हाडांचा डॉक्टर. आणि हेच लोक परीक्षा जवळ आली की म्हणतात, "ते लोखंड ठेव खाली, पुस्तक उचल." म्हणजे अभ्यासाच्या वेळी ताकद अडचणीची, आणि ब्रांच निवडायची मात्र तीच ताकद बघून. एक काहीतरी ठरवा ना.

ऑर्थोत ताकद लागते, मान्य. रानात राबलेल्या माणसाची मांडी मोडली की स्नायू असे आकसतात, हाड जागेवर आणताना दोघातिघांना घाम फुटतो. बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकानं तर २०११ च्या नाताळ अंकात ब्रिटनमधले ऑर्थोवाले आणि भूलतज्ज्ञ यांची तुलना छापली होती, त्यात ऑर्थोवाल्यांची पकड जास्त भरली आणि बुद्ध्यांकही. बरं. पण पकड चांगली असलेल्यानं दुसरं काही करू नये असं त्यात कुठं लिहिलंय?

माझं कारण वेगळं आहे. ते मी आजवर इथं लिहिलं नव्हतं.

मेडिसिनच्या पोस्टिंगला रात्री कॅज्युअल्टीत एक काका आले. गाव, वय, काही सांगणार नाही. फवारणीचं औषध पिलेले. ज्यांनी आपल्याकडं ती ड्यूटी केलीय त्यांना तो वास सांगायला नको. तोंडाला फेस, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, छातीत नुसती घरघर. त्या विषावरचं औषध ॲट्रोपिन, त्याचा ॲम्प्युल ०.६ मिलिग्रॅमचा, आणि छाती कोरडी होईपर्यंत दर पाच मिनिटांनी डोस दुप्पट करायचा. मी फक्त ॲम्प्युल फोडत होतो आणि सिरिंज भरत होतो, ट्रेमध्ये काचेचा खच पडला होता. पहाटे छाती मोकळी झाली.

पण पॉयझनच्या पेशंटचा धोका तिथं संपत नाही. पुढचे तीन-चार दिवस आधी मानेची ताकद जाऊ शकते, मग श्वासाच्या स्नायूंची. म्हणून रोज सकाळी जाऊन म्हणायचं, "काका, उशीवरून मान उचला बरं." मी कपाळावर हलका हात ठेवायचो, त्यांनी त्याच्याविरुद्ध मान उचलायची. एका सकाळी त्यांनी चांगली उचलून धरली आणि माझा हात धरून तळवा उलटा करून बघितला. "साहेब, हे घट्टे कशाचे ओ? रान हाय का तुमचं?"

मी म्हणालो, रान नाही काका, डेडलिफ्टचे आहेत. जमिनीवरून वजन उचलतो.

"कशापायी?"

मला उत्तर सुचलं नाही. पण तेवढ्यानं ते बोलायला लागले. तोवर बायकोशी नाही, भावाशी नाही, युनिटमध्ये कुणाशी एक शब्द नाही. काय बोलले ते माझ्यापाशीच राहू द्या. मधेच एकदा विचारलं, "पोलीस धरून नेतेल का मला?" मी सांगितलं, नाही नेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ हेच सांगतं. असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरून चालायचं, त्याच्यावर खटला नाही, आणि उपचार देणं सरकारचं काम. हे ऐकून ते रडले. ॲट्रोपिननं तोंड कोरडं पडलेलं, नीट रडताही येईना.

सर, तिथं माझं शरीर वाया गेलं का? त्या माणसाला माझ्या एप्रनशी देणंघेणं नव्हतं. त्यानं हात बघितला.

आणि आता खरा राग. त्या काकांचा सायकियाट्रीचा रेफरन्स, म्हणजे त्यांना बघायला बोलावण्याची चिठ्ठी, लिहिला गेला डिस्चार्जच्या दिवशी. अख्ख्या हॉस्पिटलच्या रेफरन्सला सायकियाट्रीचा एकच रेसिडेंट (पीजी करणारा डॉक्टर) फिरतोय, तो कधी पोचणार? नातेवाइकांची गाडी खाली उभी, तो येईपर्यंत बेड रिकामा. फॉलोअपलाही आले नाहीत. आम्ही जीव वाचवला म्हणून एकमेकांच्या पाठी थोपटल्या. त्या जिवाला पुढं काय झालं, कुणी विचारलं नाही. राज्यातली जुनी चार मनोरुग्णालयं बघा: ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी. मराठवाड्यात एकही नाही. देशात लाख माणसांमागं एक सायकियाट्रिस्टसुद्धा येत नाही. आणि आम्ही हसतोय कशाला, तर ताकद असलेला पोरगा "वेड्यांचा डॉक्टर" व्हायला निघालाय म्हणून. मावशी म्हणते, मुलगी कोण देईल. देऊ नका.

आण्णांना मात्र कळलं. आमच्या गावच्या तालमीत ते मला घेऊन जायचे, शाळेत होतो तेव्हा. तिथं अजून लातूरच्या पैलवान हरिश्चंद्र बिराजदारांचं नाव निघतं, १९६९ चे महाराष्ट्र केसरी, मग रुस्तम-ए-हिंद. गप्पा नेहमी त्यांच्या डावांच्या. पण आण्णा वस्तादांचं एक सांगतात, पोरगं हरून आलं की त्याला त्या दिवशी तालमीतच झोपवायचे, एकट्याला घरी जाऊ द्यायचे नाहीत. मी सायकियाट्रीचं सांगितलं तेव्हा आण्णा एवढंच म्हणाले, "मग वस्तादाचंच काम की ते."

ज्युनिअर विचारतात, जमतं कसं? जमवावं लागतं. आठवड्यात तीन दिवस, स्क्वॉट, बेंच, डेडलिफ्ट, पाच-पाचचे सेट, तासाभरात बाहेर. परीक्षेच्या महिन्यात दोनच दिवस, सेट कमी करायचे, पण बारवरचं वजन कमी करायचं नाही. कमावलेली ताकद टिकवायला फार थोडं लागतं, हे कुणी सांगतच नाही. नाइट झाली की आधी झोप, जिम नंतर. न झोपता जड डेडलिफ्टला हात लावायचा नाही. प्रोटीनचे महागडे डबेही लागत नाहीत. किलोमागं दीड-पावणेदोन ग्रॅम पुरतं. मेसच्या वरणात ते भरत नाही, म्हणून सोया वड्या, अंडी, शेंगदाणे. सोयाबीन आपल्याच रानातलं आहे, भाव मिळो न मिळो.

काही पोस्टिंगमध्ये जिम होतच नाही, तेही मान्य. लेबर रूमचा महिना असाच जातो. पीजीच्या परीक्षेत साडेतीन तासांत २०० प्रश्न, चुकला की एक मार्क वजा, त्यात स्क्वॉट कामाला येत नाही हेही खरं. पण बारखाली जाऊन आल्यावर मी दोन तास सलग वाचू शकतो. नाही गेलो तर मोबाइल बघत बसतो. वजनं उचलल्यानं नैराश्याची लक्षणं कमी होतात, यावर २०१८ ला जामा सायकियाट्री या वैद्यकीय नियतकालिकात मोठा आढावा आलाय. उद्या माझ्याच ओपीडीत मी पेशंटला हे सांगणार आहे, गोळ्यांच्या जोडीला. गोळ्या बंद करून नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर कमेंटमध्ये कुणीतरी येईलच.

तर चॉइस फिलिंगला, म्हणजे पीजीच्या जागांचा पसंतीक्रम भरताना, पहिली सायकियाट्री. दुसरीही तीच, कॉलेज वेगळं. ज्यांना हसायचंय त्यांनी हसावं.

बॅचमेट आणि ज्युनिअर, तुमच्याकडं एक मागणं आहे. पॉयझनचा पेशंट बोलायला लागला त्याच दिवशी रेफरन्स लिहा, डिस्चार्जपर्यंत थांबू नका. रेसिडेंटला फोन करून बोलवा, नुसता कागद पाठवू नका. आणि डिस्चार्ज कार्डावर १४४१६ हा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर पेननं मोठा लिहून द्या. चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. कार्डावर जागा नसेल तर घरच्यांच्या मोबाइलमध्ये तिथंच उभं राहून सेव्ह करून द्या.